घरी बांधलेले विमान : साधेपणाचे मोल

विमान म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रचंड कारखाना, मौल्यवान यंत्रसामग्री आणि शेकडो तंत्रज्ञ उभे राहतात. मोठ्या प्रवासी विमानांपुरती ही कल्पना खरी आहे. परंतु एकदोन माणसांना घेऊन ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने उडणारे लहान विमान एखाद्या गृहस्थाने आपल्या घरच्या पडवीत किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत, सुटीच्या दिवशी थोडे थोडे काम करून बांधावे, ही गोष्ट जगात शंभर वर्षांहून अधिक काळ घडत आली आहे. अशा विमानास गृहनिर्मित विमान म्हणतात. ते बांधणारा माणूस धंदेवाईक नसतो. हौसेने व शिकण्याच्या इच्छेने तो हे काम करतो.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी 1970 पासून, 2020 सालचा अपवाद वगळता, दर वर्षी उन्हाळ्यात अशा विमानांचा मोठा मेळावा भरत आला आहे. तेथे दोन तऱ्हेची विमाने पाहावयास मिळतात. काहींचे अंग आरशासारखे चकाकते; त्यांतील बैठका चामड्याने मढविलेल्या असतात; परीक्षक त्यांना बक्षिसे देतात आणि लोक त्यांच्याभोवती गर्दी करतात. दुसरी विमाने साधी असतात. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, सपाट बाजू आणि एंजिनाखाली तेलाचे चार डाग, असे त्यांचे रूप असते. यांपैकी अधिक मोलाचे कोणते, या प्रश्नाचे उत्तर एका दृष्टिक्षेपात देता येत नाही. ते विमान किती खर्चात व किती श्रमात तयार झाले, ते किती जणांना बांधता येईल, त्यातील प्रत्येक सांधा त्याच्या मालकास समजतो काय आणि चूक झाली असता ते त्याला क्षमा करील काय, हे आधी विचारावे लागते. या कसोट्यांवर साधे विमान बहुधा वरचढ ठरते. मात्र साधेपणा म्हणजे काय, हे नीट ओळखले पाहिजे. त्याचा चुकीचा अर्थ घेतला गेला तेव्हा माणसांचे प्राण गेले आहेत.

बांबूचे विमान

आल्बेर्तो सांतोस-ड्यूमाँ हा मूळचा ब्राझीलचा. पॅरिस येथे राहून त्याने वायुनौका व विमाने बांधली. 1907 साली त्याने ‘दमोआझेल’ म्हणजे ‘कुमारिका’ या नावाचे एक चिमुकले विमान तयार केले व पुढील दोन वर्षांत त्यात सुधारणा केल्या. या विमानाच्या धडासाठी बांबू वापरले होते, पंखांवर रेशमी कापड ताणलेले होते, आणि दोन नळकांड्यांचे एंजिन पंखावर बसविलेले होते. पंखाखाली, जवळजवळ जमिनीला टेकून, चालक बसे. पंखांचा विस्तार जेमतेम पाच मीटर होता.

सांतोस-ड्यूमाँने या विमानाचे एकस्व घेतले नाही. ज्याला ते बांधावयाचे असेल त्याने खुशाल बांधावे, अशी त्याची भूमिका होती. 1910 साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकाने त्याचे आराखडे छापले आणि विमानाची विद्या नियतकालिकाच्या पानांतून सामान्य कारागिरापर्यंत पोचली. पुढे ख्यातकीर्त झालेला फ्रेंच वैमानिक रोलाँ गारो हा याच जातीच्या विमानावर उडावयास शिकला.

दमोआझेल निर्दोष होते असे नव्हे. त्याचा कर्ता लहान चणीचा व हलक्या वजनाचा होता, आणि विमानही त्याच्याच मापाने बेतलेले होते. धिप्पाड माणसास ते पेलणे कठीण होते. तरीही त्याने एक गोष्ट सिद्ध केली. हाताशी असणाऱ्या वस्तूंतून, जड यंत्रांच्या साहाय्यावाचून, उडणारे यंत्र होऊ शकते. आणि त्याचा आराखडा मोकळा ठेवला तर एका माणसाचे ज्ञान अनेकांचे होते.

मोटारीचे एंजिन आणि गावचा कारागीर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे खेडे आहे. तेथे बर्नार्ड पिटनपोल हा एक कारागीर राहत असे. अभियांत्रिकीचे पद्धतशीर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. जे आले ते त्याने स्वतः शिकून घेतले. त्या काळी विमानासाठी खास बनविलेली एंजिने महाग असत. विमानाच्या एकंदर किमतीचा मोठा वाटा एंजिनावरच खर्च होई. शेतकऱ्याला किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्याला ते परवडणे अशक्य होते. पिटनपोलने विचार केला की, फोर्ड मोटार तर गावोगाव आहे. तिचेच एंजिन का वापरू नये?

फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या मोटारीचे एंजिन चार नळकांड्यांचे, पाण्याने थंड होणारे व 40 अश्वशक्तीचे होते. आजच्या मानाने ते जड व धिमे होते; परंतु हे धिमेपणच येथे उपयोगी पडले. विमानाचा मळसूत्री पंखा फार वेगाने फिरला तर त्याच्या टोकांचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ जातो आणि शक्ती वाया जाते. म्हणून वेगाने फिरणाऱ्या एंजिनास दंतचक्रे लावून पंख्याचा वेग कमी करावा लागतो. फोर्डचे एंजिन मिनिटास 2,200 फेऱ्यांच्या सुमारास आपली पुरी शक्ती देई. त्यामुळे पंखा थेट एंजिनाच्या दंडाला जोडता आला; दंतचक्रांचे वजन, खर्च व बिघाड ही तिन्ही टळली.

1929 साली पिटनपोलचे ‘एअर कँपर’ हे दोन आसनांचे विमान या एंजिनावर उडाले. एका मासिकाच्या संपादकाचे मत असे होते की, मोटारीच्या एंजिनावर विमान चालणे शक्य नाही. पिटनपोलने वादविवाद केला नाही. 1930 साली आपली दोन विमाने मिनिआपोलिस येथे उडवीत नेऊन त्याने ती संपादकाला दाखविली. पुढे त्याच मासिकाने एअर कँपरचे आराखडे छापले. लाकूड, कापड, सरस व मोटारीचे एंजिन यांवर आधारलेले हे विमान लोक आजही बांधतात, यावरून त्या रचनेचा भक्कमपणा ध्यानात यावा.

साधेपणाचे शास्त्र

साधे विमान स्वस्त का पडते आणि ते अधिक सुरक्षित का असू शकते, हे समजण्यास थोडे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

पंखावर मिळणारे वर उचलणारे बल, म्हणजे उत्थापन, हे पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग फार कमी झाला तर हे बल वजनास पुरे पडत नाही. चालकाने नाक आणखी वर उचलले की पंखावरील हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमान खाली येऊ लागते. ज्या किमान वेगाखाली विमान तरंगत राहू शकत नाही, तो वेग जितका कमी तितके उतरणे सोपे. समजा, एका विमानाचा किमान वेग ताशी 85 किलोमीटर आहे. वजन तेवढेच ठेवून पंखाचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर हा वेग सुमारे ताशी 60 किलोमीटरवर येतो. म्हणून साध्या विमानाला वजनाच्या मानाने ऐसपैस पंख देतात.

याचा लाभ अपघाताच्या वेळी दिसतो. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी 90 किलोमीटर वेगाने जमिनीला भिडणाऱ्या विमानात ताशी 60 किलोमीटर वेगाने भिडणाऱ्या तेवढ्याच वजनाच्या विमानाच्या सव्वादोन पट ऊर्जा असते. एंजिन बंद पडून शेतात उतरण्याची पाळी आली असता, चालक चालत घरी येणार की नाही, हे बरेचसे या सव्वादोनाच्या आकड्यावर अवलंबून असते.

आता वेगाची किंमत पाहू. वेगवान उड्डाणात हवेच्या रोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 120 किलोमीटरऐवजी 150 किलोमीटर वेग हवा असेल, तर वेग एक चतुर्थांशाने वाढतो, पण शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. दुप्पट शक्तीचे एंजिन जड असते. त्याला इंधन अधिक लागते. ते इंधन वाहण्यास टाकी मोठी लागते. हे सर्व पेलण्यास सांगाडा अधिक बळकट करावा लागतो. थोडक्या वेगावर संतुष्ट राहणारा माणूस ही सारी साखळी पहिल्याच कडीशी तोडतो.

पंखाचा आकारही याच दृष्टीने ठरतो. टोकाकडे निमुळता होणारा पंख डोळ्यांना सुंदर दिसतो. परंतु त्याची प्रत्येक बरगडी वेगळ्या मापाची असते, आणि प्रत्येकीसाठी वेगळा साचा करावा लागतो. बुंध्यापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा पंख केला, तर एकाच साच्यावर सर्व बरगड्या निघतात. एकदा हात बसला की चूक होण्याचा संभव कमी होतो. विशेष हे की, अशा आयताकृती पंखावरील प्रवाह प्रथम बुंध्याशी विस्कटतो व टोकाशी काही काळ सुरळीत राहतो. विमान एका कुशीवर कलू लागले असता ते सावरण्याच्या पट्ट्या टोकाशीच असतात. त्यामुळे त्या कामास येतात. येथे सोपेपणा व सुरक्षितता एकाच दिशेने जातात.

पंखाला खालून तिरके टेकू दिले तर त्यांच्यामुळे हवेचा रोध वाढतो, हे खरे. पण टेकूमुळे पंखाच्या आतील तुळई हलकी व साधी करता येते, आणि कमी वेगाच्या विमानास या रोधाची किंमत फारशी मोजावी लागत नाही. चाके उड्डाणात पोटात ओढून घेण्याच्या यंत्रणेचेही असेच आहे. ती नसली की वेग थोडा घटतो. पण उतरताना चाके बाहेर काढावयाची राहून गेली, असा प्रसंग कधीच येत नाही.

‘फ्लाइंग फ्ली’ची शिकवण

साधेपणाची ही बाजू ऐकून कोणासही वाटेल की, जितके भाग कमी तितके विमान चांगले. हा समज किती महाग पडू शकतो, हे आन्री मिन्ये या फ्रेंच गृहस्थाच्या विमानाने दाखवून दिले.

मिन्ये याने 1933 साली एक विलक्षण विमान उडविले. फ्रेंच भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘आकाशातील ऊ’ असा होतो. इंग्लंडात ते ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणजे ‘उडती पिसू’ या नावाने गाजले. त्याची लांबी अवघी साडेतीन मीटर होती. एक पंख पुढे व वर, दुसरा किंचित मागे व खाली, अशी रचना होती. नाक वरखाली करण्यासाठी शेपटाकडे वेगळी पट्टी नव्हती. पुढचा पंखच बिजागरीवर कलत असे. कुशीवर कलण्याच्या पट्ट्या नव्हत्या. पायांनी दाबावयाच्या पट्ट्याही नव्हत्या. एका दांड्याने सर्व कारभार चाले. सामान्य विमान चालविताना हातापायांचा मेळ घालणे मिन्येला अवघड गेले होते, आणि तेवढ्यासाठी त्याने ही युक्ती काढली होती.

1934 साली त्याने विमान बांधण्याची कृती सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. ते हातोहात खपले. 1935 साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिन्येने स्वतः या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. फ्रान्समध्ये व इंग्लंडात शेकडो हौशी माणसे कामाला लागली. ज्यांना विमान म्हणजे श्रीमंतांचा खेळ वाटत होता, त्यांच्या हाती आता करवत आणि रंधा आला होता.

त्यानंतर अपघात होऊ लागले, आणि त्यांत एक समान लक्षण दिसले. विमान नाक खाली करून सूर मारी, आणि चालकाने दांडा कितीही मागे ओढला तरी ते वर येत नसे. चालक मृत्युमुखी पडत. 1936 साली इंग्लंडातील फार्नबरो येथे व फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ येथे हे विमान मोठ्या वातविवरात, म्हणजे हवेचा झोत सोडून परीक्षा घेण्याच्या बोगद्यात, तपासण्यात आले. तेव्हा दोष उघड झाला. दोन्ही पंख एकमेकांच्या इतके जवळ होते की, पुढच्या पंखामागून निघणाऱ्या हवेचा परिणाम मागच्या पंखावर होई. सूर एका मर्यादेपलीकडे गेला की पुढचा पंख कलविल्याने नाक उचलले जाण्याऐवजी मागच्या पंखावरील उत्थापनच वाढे, आणि नाक खालीच राही. गुरुत्वमध्य योग्य जागी नसेल तर धोका आणखी वाढे. ब्रिटनमध्ये या विमानांच्या उड्डाणास बंदी घालण्यात आली. मिन्येने पुढे आपल्या रचनेतील दोष दूर केले व तो अखेरपर्यंत नवी विमाने रचीत राहिला. तथापि गेलेले प्राण परत येणारे नव्हते.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली अशी की, ज्यांनी ही विमाने बांधली त्यांच्या सुतारकामात खोट असेलच असे नाही. कित्येकांची कारागिरी उत्तम होती. रोगण कितीही चकाकले असते तरी त्या रचनेतील दोष झाकला गेला असता, नाहीसा झाला नसता. दुसरी अशी की, बांधणाऱ्यासाठी सोपे करावयाचे असेल तर रचनाकाराने आधी अवघड काम करून ठेवलेले असले पाहिजे. गणित, वातविवरातील परीक्षा, भाराच्या कसोट्या व सावध उड्डाणे एवढे होऊन गेल्यावर जो आराखडा उरतो, तोच खऱ्या अर्थाने साधा.

महायुद्धानंतरची विमाने

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धडा ध्यानात ठेवून अनेक चांगली विमाने जन्मास आली. फ्रान्समध्ये एदुआर जोली व झाँ देलमाँतेझ यांनी 1948 साली एक एकासनी लाकडी विमान उडविले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्यास ‘जोदेल’ हे नाव मिळाले. त्याच्या पंखाचा मधला भाग सरळ, सपाट व एकाच रुंदीचा असून केवळ टोकाकडील भाग वर वळलेले व निमुळते आहेत. अखंड पेटीसारखी एकच तुळई दोन्ही पंखांतून आरपार जाते. बहुतेक काम सरळ भागात आटोपते, आणि विमानास स्थैर्य देणारा कल टोकांच्या वळणातून मिळतो.

या विमानांना जर्मनीच्या फोक्सवॅगन मोटारीचे एंजिन अत्यंत सोयीचे ठरले. त्याची चार नळकांडी समोरासमोर आडवी असतात व ते हवेनेच थंड होते. त्यामुळे पाणी, रेडिएटर व नळ्या यांची गरज राहत नाही. त्याचे सुटे भाग देशोदेशी सहज मिळत. पिटनपोलने फोर्डच्या बाबतीत जो विचार केला होता, तोच येथे नव्या पिढीने पुढे नेला.

अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिलवॉकी येथे ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही हौशी विमानकारांची संस्था स्थापन झाली. ऑशकॉशचा मेळावा तिचाच. 1955 साली पोबेरेझ्नी यांनी ‘बेबी एस’ या विमानाची कृती एका लोकप्रिय मासिकातून क्रमशः प्रसिद्ध केली, आणि संस्थेची सभासदसंख्या झपाट्याने वाढली. या संस्थेने एक स्पर्धाही ठेवली. विमान स्वस्त, बांधण्यास व चालविण्यास सोपे असावे, आणि पंख मिटून ते रस्त्याने घरी नेता यावे, असा तिचा हेतू होता. विमान घरी ठेवता आले की विमानतळावरील जागेचे भाडे वाचते. कित्येकांच्या बाबतीत हा खर्चच आडवा येत असे. 1962 साली पीटर बॉवर्स यांच्या ‘फ्लाय बेबी’ या लाकडी, एकासनी विमानास हे पारितोषिक मिळाले. बॉवर्स हे बोइंग या प्रख्यात कंपनीत अभियंता होते. मोठमोठ्या जेट विमानांच्या सान्निध्यात दिवस घालविणाऱ्या माणसाने घरी मात्र करवत, सरस व तारा यांनी होणारे विमान रचले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

साधेपणाचा आग्रह याहूनही पुढे नेला डब्ल्यू. एस. एव्हान्स या अभियंत्याने. त्याचे ‘फोक्सप्लेन’ म्हणजे लोकविमान 1968 साली उडाले. त्याचे धड ही प्लायवुडची सरळसोट पेटी आहे. पंख आयताकृती असून त्याला टेकू दिले आहेत. शेपटाकडे स्थिर भाग व हलता भाग असे दोन तुकडे न करता सबंध पृष्ठभागच हलता ठेवला आहे. चालक उघड्यावर बसतो. हे विमान सुंदर नाही, वेगवानही नाही; एव्हान्सने रूप व वेग या दोहोंचा जाणूनबुजून त्याग केला आणि त्यांच्या बदल्यात बांधणीची सुलभता मिळविली. पुष्कळ विमाने अर्धवट बांधून कोपऱ्यात पडून राहतात. जे विमान पुरे होऊन उडते, ते कितीही ओबडधोबड दिसले तरी त्या अपुऱ्या सुंदर विमानाहून श्रेष्ठच होय, हे त्यामागील सूत्र आहे.

रोगणाचे वजन

चकचकीत रूपाची किंमत पैशांतच मोजावी लागते असे नाही. गुळगुळीत पृष्ठभागासाठी आधी लांबी भरतात, घासतात, मग रोगणाचे हात देतात. प्रत्येक थराला वजन असते, आणि ते वजन प्रवासी किंवा इंधन यांच्या वाट्यातून वजा होते.

शिवाय हे वजन कोठे पडते, यालाही महत्त्व आहे. गुरुत्वमध्यापासून चार मीटर मागे, शेपटावर, एक किलोग्रॅम रोगण चढले, तर त्याचा तोल साधण्यास गुरुत्वमध्याच्या एक मीटर पुढे चार किलोग्रॅम वजन ठेवावे लागेल. असा तोल न साधता विमान उडविले, तर ते शेपटाकडे जड होते व त्याचे स्थैर्य घटते.

याहून गंभीर धोका हलत्या पट्ट्यांचा. सुकाणू किंवा इतर पट्ट्या बिजागरीच्या मागे जड झाल्या, तर विशिष्ट वेगाला त्या आपोआप फडफडू लागतात. ही फडफड क्षणात वाढते व पट्टी उखडून जाऊ शकते. म्हणून पट्ट्यांवर नवे रोगण चढविल्यावर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो. जो हे जाणत नाही त्याचे विमान प्रदर्शनात बक्षीस मिळवील. पण आकाशात परीक्षक वेगळा असतो.

अनुभवी कारागीर आपला वेळ दुसरीकडे खर्च करतो. सरसाची प्रत्येक नवी घाणी कालविली की तो लाकडाचे दोन तुकडे तिने जोडून ठेवतो, आणि सरस वाळल्यावर ते मोडून पाहतो. मोड लाकडात झाली तर जोड उत्तम. सरसाच्या रेषेत झाली तर त्या घाणीने जोडलेले सर्व सांधे संशयास्पद. नव्या रचनेचा पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात व तो अपेक्षित भार सोसतो की नाही, हे पाहतात. कापड चढविण्यापूर्वी आतील सांधे जाणत्या माणसाकडून तपासून घेतात. या कामांचा मागमूसही प्रेक्षकाला दिसत नाही. परंतु विमानाचे खरे सौंदर्य त्यांतच असते.

सुबकतेचा योग्य मान

एवढ्यावरून सुबक काम निंद्य ठरत नाही. नीट बसलेला सांधा, गंज न चढणारे धातूचे भाग, पाणी न शिरणारे रोगण, ही आवश्यकच आहेत. वेगवान विमानात पृष्ठभाग गुळगुळीत असला की हवेचा रोध खरोखर कमी होतो. नव्या सामग्रीलाही विरोध करण्याचे कारण नाही. 1975 साली बर्ट रुटान या अमेरिकन रचनाकाराचे ‘व्हेरीईझी’ हे विमान उडाले. त्यात हलक्या फोमचा गाभा इच्छित आकारात कापून त्यावर काचतंतूंचे कापड व राळ यांचे थर दिले होते. महागड्या साच्यांची गरज राहिली नाही. येथे नव्यात नवी सामग्री घरच्या कारागिराचे काम सोपे करण्यासाठी वापरली गेली. एखादी गोष्ट विमानात यावी की नाही, हे ती जुनी की नवी, साधी दिसते की देखणी, यावरून ठरवू नये. ती बांधणाऱ्याच्या व चालकाच्या काय कामी येते, यावरून ठरवावे.

नियमांची चौकट

गृहनिर्मित विमान म्हणजे नियमबाह्य विमान नव्हे. अमेरिकेत अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी स्वतः केलेले असावे लागते. अधिकारी विमान तपासतात, आणि त्यानंतर ठराविक क्षेत्रात परीक्षा-उड्डाणे करून ते विश्वसनीय असल्याचे दाखवावे लागते. फ्रान्स, ब्रिटन वगैरे देशांतही आपापल्या पद्धतीने अशी व्यवस्था आहे.

भारतात असे उदाहरण मुंबईचे आहे. अमोल यादव या वैमानिकाने कांदिवली उपनगरातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. 2016 साली ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, आणि 2017 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. वर वर्णिलेल्या लहान एकासनी विमानांच्या वर्गात ते बसत नाही. तथापि विमान घरी बांधता येते व त्यास शासनाची नोंद मिळू शकते, एवढे त्याने आपल्याकडे दाखवून दिले. अनुमतीवाचून मात्र कोणीही असे विमान उडवू नये. ‘फ्लाइंग फ्ली’चा इतिहास आठवला की नियमांचा काच वाटेनासा होतो.

समारोप

दमोआझेलपासून व्हेरीईझीपर्यंतच्या या वाटचालीत एक सूत्र सलग दिसते. ज्या रचनांनी सामान्य माणसाला विमानविद्या खऱ्या अर्थाने दिली, त्या हाताशी असलेल्या साधनांतून होणाऱ्या, बांधणाऱ्याला सर्वांगाने समजणाऱ्या आणि परवडणाऱ्या होत्या. ज्याने विमानाची प्रत्येक बरगडी स्वतः चिकटविली, त्याला उड्डाणात येणारा वेगळा आवाज ओळखता येतो. ज्याने तार स्वतः ताणली, ती सैल झाल्याचे त्याच्या ध्यानी येते. हे ज्ञान विकत मिळत नाही आणि रोगणाने झाकताही येत नाही.

म्हणून एखादे गृहनिर्मित विमान पाहावयास मिळाले, तर त्याच्या चकाकीने दिपून जाऊ नये व तिच्या अभावाने नाकही मुरडू नये. बरगड्या किती मापांच्या आहेत, एंजिन कोठून आले, किमान वेग किती, भाराची परीक्षा कशी घेतली, सांधे कोणी तपासले, हे त्याच्या कर्त्यास विचारावे. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतात आणि जो आपले विमान नित्य उडवून सुखरूप घरी परततो, त्याने या विद्येतील मोठे पारितोषिक आधीच मिळविलेले असते.